ब्लॉक नांदेडला असताना

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पुढच्या काही वर्षांतच पावसाने आमच्याशी अबोला धरला. उदगीरच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवलं गेलं, नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी नशीब. मी तिथे शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरच्या ओसरीवर आमच्या राजदूत मोटारसायकलचं इंजिन उघडलं. शेजारी शंकरप्पांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की ते माझ्याकडे येऊन बसत.

"सर, उघडलं ते ठीक हाय. पुन्हा बसवता येतंय का?"

"पुस्तकात सगळं दिलंय."

"पोहायचं पुस्तक वाचून हिरीत उडी मारू नये म्हणतो मी."

मला मेकॅनिकचा भरवसा नव्हता. खरं तर स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय कशाचाच नव्हता. रत्नम्मा, माझी बायको, त्यावरून मला चिडवायची. म्हणायची, तुम्ही देवापुढचा दिवासुद्धा फुंकून बघाल, खरा आहे का म्हणून.

गाडी मी हौसेने घेतली नव्हती. पहिल्या बाळंतपणात रत्नम्माला माहेरी अवेळी कळा सुरू झाल्या. तिचं माहेर देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला. दिवसातून एक एसटी, ती निघून गेलेली. सासऱ्यांनी बैलगाडी जुंपली. देवणीचे बैल मुलखात नावाजलेले, पण बैल ते बैलच. उदगीरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मूल गेलं होतं. मुलगा होता. मी त्याला कापडात गुंडाळलेलाच पाहिला.

त्यानंतर मी ही जुनी राजदूत विकत घेतली. टाकीवर पांढऱ्या रंगात 'शिवकृपा' लिहून घेतलं. आता रत्नम्माचे दिवस पुन्हा भरत आले होते. तिच्या माहेरच्या विहिरीला अजून पाणी होतं, म्हणून तिला तिथेच ठेवावं लागलं. पहिली कळ आली की ताबडतोब आणायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि नेमकी गाडीच धूर ओकायला लागली, चढावर बसून जाऊ लागली. अजून दोन-तीन आठवडे हातात आहेत, तेवढ्यात इंजिन नव्यासारखं करून ठेवू, असा मी विचार केला.

सुटे भाग उतरवले त्याच क्रमाने गोणपाटावर मांडले. सगळं रॉकेलमध्ये धुतलं. हात धुवायला पाणी पुरवून वापरावं लागे, त्यामुळे भाकरीलाही रॉकेलचा वास यायचा. ज्या लोखंडी नळकांड्यात पिस्टन खाली-वर होतो तो ब्लॉक आतून झिजला होता. तो आतून कातून, म्हणजे बोअर करून घ्यायला एसटीने नांदेडला पाठवला. पिस्टनही त्याच्या मापाचा तिथेच मिळणार होता. इकडे ओसरीत उरला होता तो स्टँडवर उभा सांगाडा. इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँककेस, तेवढा फ्रेममध्ये. वर भोक, त्यात मी फडकं कोंबलेलं.

एका सकाळी शंकरप्पा म्हणाले, "सर, मघाशी देवणीच्या वाटंला दिसलात. हात केला, तर बघितलं बी न्हाई."

"मी घरातच आहे. गाडी ही इथे."

"तेच म्हणतो. कवा जोडली?"

मी त्यांना ओसरीवर आणलं. त्यांनी गोणपाटाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, टोपी सारखी केली. "दुसरं कोण असंल मग," म्हणाले आणि त्या दिवशी टोमणा न मारताच गेले.

उदगीरात राजदूत काही एकच नव्हती. धुळीपायी सगळेच तोंडाला उपरणं गुंडाळत, मीही. चूक होऊ शकते. मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

मग गुणाबाई नावाची एक म्हातारी आली. चंद्रप्पाच्या जावयाचं घर विचारत विचारत, वलांडीकडच्या कुठल्याशा वस्तीवरून. चंद्रप्पा म्हणजे माझे सासरे. तिने पदराची गाठ सोडली आणि मूठभर शेंगा माझ्यापुढे ठेवल्या.

"नातू वाचला बगा," ती म्हणाली. "ताप मस्तकात गेलता. तुमी उचलून दवाखान्यात न्हेलं न्हाईतर माती झाली असती."

"आजी, तो मी नव्हे."

"वाटभर एक सबूद बोलला न्हाईत. मला म्हाईत हाय, भली माणसं असंच करत्यात." ती टाकीजवळ गेली. 'शिवकृपा'वर हात फिरवला आणि तोच हात कपाळाला लावला. "हीच."

तिला वाचता येत नव्हतं. पण अक्षरं ओळखीची असल्यासारखा तिचा हात त्यांवरून फिरला. शेंगा घेताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. परत केल्या असत्या तर तिला लागलं असतं, म्हणून ठेवून घेतल्या.

मी विज्ञानाचा मास्तर. दोन्ही टायरांवर खडूने रेघ ओढून ती जमिनीपर्यंत आणली. सकाळी रेघ जशीच्या तशी. गाडी इंचभरही हलली नव्हती. मला हायसं वाटलं, स्वतःचं हसूही आलं. फडकं काढून आत डोकवावं म्हणून क्रँककेसवर हात ठेवला.

क्रँककेस गरम होती.

ऊन अजून ओसरीत आलं नव्हतं. लांबून दौडून आलेल्या इंजिनाची असते तशी ती ऊब होती. जळक्या ऑइलचा वासही येत होता. हात तसाच ठेवून मी बराच वेळ बसलो. ती हळूहळू निवत गेली. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याची टर उडवली असती.

ब्लॉक तयार झाल्याचा निरोप आला तसा मी नांदेड गाठलं, रात्री मित्राकडे राहिलो आणि सकाळी ब्लॉक-पिस्टन पिशवीत घालून परतीची एसटी धरली. नायगावच्या अलीकडे तिचं टायर फुटलं. दुष्काळात तेरावा महिना. बाभळीच्या विरळ सावलीत, पिशवी मांडीवर घेऊन आम्ही ताटकळत बसलो. आज कळा सुरू झाल्या तर, हा विचार तिथेच मनात आला आणि मग जाईना.

उदगीरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. दुकानातून शंकरप्पा धावतच बाहेर आले.

"सर, तुमी इथं कसं? वैनी बऱ्या हायत ना?"

"म्हणजे?"

"सकाळी तुमीच तर गाडीवर घेऊन गेलात. मी बघितलं की. दवाखान्याकडं."

पिशवी हातात जड लागली. मी ओसरीवर गेलो. सांगाडा स्टँडवर होता. खडूची रेघ शाबूत होती. क्रँककेसला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

मी दवाखान्यापर्यंत पळत गेलो.

रत्नम्मा खाटेवर होती. कुशीत मुलगी. लालबुंद, मूठ चोखत असलेली. जिवंत. मी खाटेच्या कडेला बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. आजवर मी कुणाला हात जोडले असतील नसतील, त्या दिवशी जोडले. कुणाला, ते मला माहीत नव्हतं आणि त्या घडीला जाणून घ्यायचंही नव्हतं.

"नाळ मानेभोवती होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडा जरी उशीर केला असतात तर..."

त्या गेल्यावर रत्नम्माने माझं बोट धरलं. नेमकं भाजलेलंच.

"आईने मला लुगड्याने तुमच्या पाठीशी बांधलं तेव्हा वाटलं, मी काही पोचत नाही," ती म्हणाली. "पण अहो, एवढ्या उन्हात तुमची पाठ किती गार होती. रांजणाला टेकल्यासारखी. गाल टेकून बसले, तर कळासुद्धा सोसवल्या."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

सासूबाई, पार्वतम्मा, दुपारच्या एसटीने आल्या होत्या. भिंतीशी पदर पुढे ओढून बसलेल्या. मी बाहेर आलो तशा माझ्या मागोमाग व्हरांड्यात आल्या. एरवी त्या माझ्यासमोर कधी बोलत नसत.

"जावईबापू, ते तुमी नव्हता," त्या हळूच म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मला तवाच कळलं. पण पोरगी कळा देत होती. म्हटलं, कोन का असंना, न्हेतोय ना."

"कळलं कसं?"

"जावाई दारात आला की पाय धुवावं लागतात. पानी न्हाई म्हणून रीत कशी सोडावी? तांब्याभर पानी वतलं त्याच्या पायावर." आत मुलगी रडायला लागली होती. "खालची माती भिजली न्हाई. सगळं पानी पायातच जिरलं."

मी भाजलेलं बोट मुठीत धरलं.

"लई दिवसांचा तहानलेला असंल," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून मी आणखी एक तांब्या वतला."