तिसरा गुडघा

तिसरा गुडघाही पिकला, आणि त्याच दुपारी ऑपरेशन थिएटरची सिस्टर चिमणीच्या दारात उभी राहिली.

चिमणी खासगी तपासनीस. पन्नाशी उलटली तरी घरातलं नाव धंद्यातही चिकटलेलं. सोबतीला थोरला भाऊ. गाडी तो चालवायचा आणि अंदाजही आधी तोच बांधायचा, बहुतेक चुकीचा.

“गुडघे बदललेले तीन पेशंट परत आले,” सिस्टर म्हणाली. “जखमेत पू. पुन्हा उघडावं लागलं. हत्यारांचं निर्जंतुकीकरण माझ्याकडे, म्हणून मोठे डॉक्टर मला धरतायत. संध्याकाळी बैठक आहे. मला काढणार.”

“तिघं कोण?”

“एक मास्तर, एक शिंपी, एक ट्रकवाला. ठणठणीत माणसं. साखर नाही, सिगारेट नाही, वजन बेताचं.”

“त्यांच्याबरोबर आणखी कुणाचं ऑपरेशन झालं?”

“मास्तरांच्या दिवशीच एका आजींचं. मधुमेह, अंगानेही भरलेल्या. खरी धास्ती त्यांचीच होती. आधी साखर आटोक्यात आणली, मगच घेतलं. परवा जिना चढून मला भेटायला आल्या! बाकीच्या बायकाही ठीक आहेत.”

“मग हत्यारंच,” दादाने निकाल दिला.

“हत्यारांना बाई कोण, पुरुष कोण कळतं का रे दादा?”

दादा गाडीची किल्ली शोधू लागला.

हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघतच उत्तरं दिली. “माझ्याकडून कसूर नाही. वॉर्डाकडूनही नाही. वॉर्डबॉय मामांचं काम चोख. पायावर एक केस दिसत नाही.”

वॉर्डातले मामा ट्रॉली पुसत होते. “केस कापायचं मशीन? हल्ली चार्जिंगलाही लावत नाही. सुख आहे.”

मास्तर खाटेवर ताठ बसले होते. हनुवटीवर दोन ताज्या चिरा.

“दाढी?” चिमणीने विचारलं.

“वडिलांचा वस्तरा. हात थरथरतो, पण सवय. बाई, मी हॉस्पिटलची प्रत्येक सूचना तंतोतंत पाळली. उपाशी या म्हणाले, उपाशी आलो. आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं. मग माझ्याच वाट्याला हे का?”

खाली रिसेप्शनवरची मुलगी फोनवर होती. “हो काका, उद्या सकाळी. उपाशीपोटी. आणि गुडघा अगदी साफ करून या हं!”

चिमणी जागीच थांबली.

“तुझ्याआधी इथे कोण होतं गं?”

“मोठ्या बाई. निवृत्त झाल्या. त्या फार लांबण लावायच्या. मी थोडक्यात सांगते.”

चिमणी वळून पुन्हा जिना चढली. शिंप्याच्या आणि ट्रकवाल्याच्या खाटेपाशी जाऊन तिने एकेकच प्रश्न विचारला.

बैठकीला मोठे डॉक्टर, सिस्टर, मामा, रिसेप्शनची मुलगी आणि चाकाच्या खुर्चीत मास्तर. दादा दाराशी.

“तेच थिएटर, तेच हात, तीच हत्यारं,” चिमणीने सुरुवात केली. “आजींना धोका जास्त, त्या सुटल्या. धडधाकट मास्तर सापडले. म्हणजे जंतू थिएटरात शिरले नाहीत, ते पायावर बसून आले. मास्तर, गुडघा साफ करून या म्हटल्यावर तुम्ही काय केलंत?”

“वस्तरा फिरवला की! आदल्या रात्री. साफ म्हणजे साफ. एक केस ठेवला नाही.”

सिस्टरने कपाळाला हात लावला.

“बाकीच्या दोघांनीही तेच केलं,” चिमणी म्हणाली. “वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. रात्रभरात जंतू तिथे बिऱ्हाड थाटतात. सकाळी वरून कितीही औषध चोळा, आतले भाडेकरू हलत नाहीत. म्हणून तर ते मशीन. कातडीला न दुखवता केस कापतं. पण पाय आधीच गुळगुळीत. मामांना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. डॉक्टरांना वाटलं, मामांनी केलं.”

मामा पुटपुटले, “मला वाटलं, नवीन पद्धत आली.”

“आणि बायका?” दादाने विचारलं.

“त्यांनी साबण लावला. रोज आरशासमोर वस्तरा धरणाऱ्याच्या कानाला ‘साफ’ वेगळं ऐकू येतं.”

मुलगी रडवेली झाली. “पण मोठ्या बाई तरी काय सांगायच्या?”

“गुडघा साबणाने नुसता धुवा, वस्तरा लावू नका,” सिस्टर म्हणाली. “तुला ती लांबण वाटली.”

“अगं बाई, ते काका!” मुलगी किंचाळली आणि जिन्याकडे धावली.

मोठे डॉक्टर उभे राहिले. “सिस्टर, चुकलो मी. जखम निवळली की मास्तरांचा गुडघा पुन्हा बसवायचाय. हत्यारं तुम्हीच लावायची.”

“लावते,” सिस्टर म्हणाली. मान ताठ, आवाज खणखणीत. “पण यापुढे पाय मी बघितल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. तुम्ही घाईत असलात तरी.”

“मान्य.”

मास्तरांनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या, मग मामांनीही.

खाली मुलगी फोनमध्ये ओरडत होती. “काका, साफ नका करू! धुवा! हातात काय आहे? मग ठेवा तो वस्तरा खाली! अजून लावला नाही ना?... नक्की?”

तिने फोन छातीशी धरला आणि हसली.

“वाचले म्हणायचे काका?” दादाने विचारलं.

चिमणीने पदर खोचला. “केसालाही धक्का लागला नाही.”