मधली तीन वर्षं

“वन्सं, मी आत येत नाही… दारातूनच विचारते. उद्या तुम्ही खरंच ह्यांच्या विरुद्ध उभ्या राहणार?”

दारात धाकट्या भावाची बायको उभी होती. सहा वर्षांनी! हातात घामाने मऊ पडलेली सुनावणीची नोटीस, आणि डोळे असे, की कुणी नुसतं “बस” म्हटलं तरी वाहू लागतील. ताईने बस म्हटलंच नाही. हाताला धरून तिला आत ओढलं, खुर्चीत बसवलं आणि चहाचं आधण चढवलं.

शहराची नवी विकास नियमावली आली होती आणि तिने सगळ्या शहराला रंग वाटून दिले होते. दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, राहत्या वस्तीला पिवळा. भावाची गल्ली पिवळी झाली. म्हणजे त्या गल्लीत आता माणसांनी जेवावं, झोपावं, भांडावं, पण रंधा मारू नये! ज्यांना हे पटत नव्हतं त्यांनी अपील करायचं, आणि अपिलांत नगररचना कार्यालयाची बाजू मांडायची ताईने. गेल्या दोन महिन्यांत तीनशे अकरा अपिलं तिच्या हाताखालून गेली होती. पाववाला आला, शिंपीण आली, घरात तुतारी शिकवणारे एक आजोबा आले, आणि त्यांच्याविरुद्ध तर सगळी गल्लीच आली. तीनशे बारावं अपील तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

“ह्यांनी स्वतःच लिहिलंय सगळं. वकील नको म्हणाले,” भावजय पदराने डोळे टिपत म्हणाली. “आणि मामंजींचा तो दवाखान्याचा कागद जोडलाय… अभिमानाने हो! ‘बघू दे त्यांना,’ म्हणाले, ‘आमच्या बापाने एका हाताने कारखाना चालवला.’”

तो कागद ताईने दुपारीच पाहिला होता. ‘उजवा हात तीन वर्षे कामास पूर्णतः निरुपयोगी.’ आणि नियम असा होता, की चाळीस वर्षांपूर्वीच्या जुन्या आराखड्यापासून अखंड चालू असलेला धंदाच पिवळ्या गल्लीत राहू शकेल. मधे एका वर्षाचा खंड पडला, तरी हक्क संपला. त्या वेड्याने बापाचं कौतुक करायला म्हणून जो कागद जोडला, त्याच कागदाने त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता!

“कारखाना बंद झाला तर काय करणार तो?”

“काय करणार? बावन्नाव्या वर्षी कुणाच्या हाताखाली जाणार? एक रविवार हातात रंधा नसला तर माणसाला जेवण जात नाही, वन्सं. मी बघते ना! वाळून जातील हो ते…”

“चहा घे. आणि इथे आलीस हे त्याला सांगू नकोस, उगाच तणतणेल.”

भावजय गेली. तिने अर्धाच चहा प्यायला होता. ताई तो कप समोर ठेवून तशीच बसून राहिली, आणि तिचं मन गेलं ते थेट त्या घरात, जिथे पुढच्या खोलीत कारखाना होता, मागच्या खोलीत चूल होती आणि मधे भिंत नव्हती, नुसता पडदा होता.

काय दिवस होते ते! आई लवकर गेली, तेव्हा बाबाच आई आणि बाबाच बाबा. जेवणात भुसा यायचा. धाकटा तोंड वाकडं करायचा आणि बाबा म्हणायचे, “खा रे, लाकूड पोटात गेलं की माणूस ताठ चालतो.” ताजं कापलेलं लाकूड, सरस, ओलं पॉलिश… त्या वासात तिचं सगळं बालपण मुरलं होतं. शाळेतून आली की दप्तर फेकून ती बाबांच्या कामाच्या ओट्याशी उभी राहायची. ती डावरी. सुरुवातीला बाबांनी करवत तिच्या उजव्या हातात देऊन पाहिली, रागावून पाहिलं, शेवटी हसून सोडून दिलं. “लाकडाला डावं-उजवं कळत नाही, बाळा. वाकडं आणि सरळ एवढंच कळतं.”

मग ती दुपार आली. मशीनच्या करवतीत बाबांचा उजवा हात सापडला. ती एकोणीस वर्षांची होती. चौदा वर्षांचा धाकटा दूरच्या वसतिगृहात राहून शिकत होता, हुशार म्हणून सरकारनेच त्याला तिकडे नेलं होतं. दवाखान्यातून आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ओट्यावर अर्धवट टेबलं, दाराशी गिऱ्हाइकं. तिसऱ्या दिवशी ताईने पदर खोचला आणि रंधा उचलला.

“बाळा,” त्या रात्री बाबा म्हणाले होते, आणि त्यांचा आवाज तिने आधी कधी असा ऐकला नव्हता, “धाकट्याला कळू देऊ नकोस. बाप निकामी झाला आणि बहिणीच्या कष्टावर आपण शिकलो, असं त्याला कळलं तर तो शाळा सोडून पळत येईल. मला वचन दे… मी असेन तोवर आणि नसेन तेव्हाही!”

तिने वचन दिलं. एकोणिसाव्या वर्षी माणूस वचनं फार सहज देतो.

सुट्टीत धाकटा घरी यायचा तेव्हा तर नाटकच असायचं. गल्लीच्या टोकाला त्याची पेटी दिसली की बाबा लगबगीने ओट्याशी जाऊन डाव्या हाताने रंधा धरून उभे राहायचे आणि ताई झाडू उचलायची. धाकटा बघतच राहायचा. बाबा एका हाताने कपाटं करतात! आणि ही ताई? ही नुसती झाडते. तो तिला चिडवायचाही, “तुला नाही जमायचं, तू भुसा भर!” ती भुसा भरायची, आणि पडद्याआड जाऊन बाप-लेक पोट धरून हसायचे. कसलं सुख होतं त्या लबाडीत…!

तीन वर्षांनी धाकटा शिकून परत आला, तोवर बाबांचा हातही थोडाफार वळू लागला होता. नोकरी नको म्हणाला, बाबांचा ओटाच हवा म्हणाला. आता ती आणखी महिनाभर जरी तिथे राहिली असती तरी तिच्या हातांनी चुगली केली असती. रंधा समोर दिसला की तिचे हात शिवशिवत. आठवड्याच्या आत तिने नगररचना कार्यालयात आरेखकाची नोकरी धरली. तिने काढलेली मापाची चित्रं पाहून तिथल्यांनी तिला आधीच विचारून ठेवलं होतं. धाकट्याने एवढंच पाहिलं, की बहीण भुशाला लाजली आणि पंख्याखाली जाऊन बसली. बाबा गेले तेव्हा तिने घरावरचा हक्क न वाचताच सोडून दिला. त्यावरही तो म्हणाला, “तुला कशाला हवं भुशाचं घर? खुर्ची आहे ना तुला!” त्यानंतर दोघं बोललीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वरिष्ठांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. ‘अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे. हे प्रकरण दुसऱ्याकडे द्यावे. मी साक्षीदार म्हणून उभी राहणार आहे.’

वरिष्ठांनी चष्मा काढला. “बाई, अपील मंडळावर सदस्य म्हणून तुमचं नाव वर गेलंय. नकाशाच्या टेबलावरून थेट मंडळावर, असं इथे कधी झालेलं नाही! पण ज्याने नातेवाइकासाठी साक्ष दिली त्याला या खेपेला घेत नाहीत. आणि पुढच्या खेपेला तुम्ही नसाल. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या.”

“माहीत आहे, साहेब. नियम मीच टाइप केलाय.”

“बघा बुवा. हातचं घालवताय.”

त्या जागेचं स्वप्न तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांभोवती रेषा ओढल्या. एकदा तरी त्या रेषेबद्दल आपल्याला विचारलं जावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने चिठ्ठी परत घेतली नाही.

सुनावणी नकाशांच्या दालनात होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या, करड्या आवाजाच्या आणि घड्याळाला बांधलेल्या. समोर धाकटा, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेला. साक्षीदाराच्या खुर्चीत बहिणीला पाहून त्याचा चेहरा दगडासारखा झाला. ‘आली! माझ्याविरुद्ध बोलायला आली!’ ताईला ते स्पष्ट वाचता आलं.

तिच्या जागी आलेल्या तरुण इंजिनियरने तो दवाखान्याचा कागद वाचून दाखवला. “तीन वर्षं हात निरुपयोगी. मुलगा वसतिगृहात. म्हणजे कारखाना बंद होता. खंड पडला.”

“बंद?” धाकटा उभाच राहिला. “बंद कसा? मी सुट्टीत यायचो, बाबा काम करत असायचे! मी डोळ्यांनी…” आणि तो अडखळला. पस्तीस वर्षं लाकडात काढलेला माणूस तो. एका हाताने रंधा धरता येतो, पण कपाट होत नाही, हे त्याला आज पहिल्यांदाच उमगत होतं. “म्हणजे… माझ्याच कागदाने मी…”

ताई उठली. “कारखाना चालू होता,” ती म्हणाली, आणि कार्यालयाचं जुनं खरेदीपुस्तक तिने पुढे ठेवलं. “यात तिन्ही वर्षं त्या कारखान्याकडून घेतलेलं सामान आहे. दुसऱ्या वर्षीची ही नोंद. याच कार्यालयाने नकाशांसाठी बारा खणांचं कपाट त्या कारखान्यातून करून घेतलं. ते तुमच्या पाठीमागे आहे.”

अध्यक्षांनी वळून पाहिलं. “हे? हे तर अजून सुरळीत सरकतं! पण बाई, वडिलांचा हात चालत नव्हता. मग दुसरीकडून आणून नुसतं पोचवलं नसेल कशावरून? हे केलं कुणी?”

ताईचे ओठ हलले… आणि मिटले. मी असेन तोवर आणि नसेन तेव्हाही! एका बाजूला बाबांचा तो आवाज, दुसऱ्या बाजूला भावाचा सुतासारखा पांढरा पडलेला चेहरा. तिच्या अंतःकरणाची नुसती ससेहोलपट होत होती.

“बाई, उत्तर द्या. नाहीतर मला अपील फेटाळावं लागेल.”

तेवढ्यात धाकटा परवानगीबिरवानगी न विचारता कपाटापाशी गेला होता. त्याने खालचा खण ओढून काढला, नकाशे हळूच बाजूला ठेवले, आणि खण उलटा करून गुडघ्यांवर बसला.

“ठसा आमच्याच कारखान्याचा,” तो पुटपुटला. “तिरका पडलाय. बाबांनी डाव्या हाताने मारलेला…” मग त्याचं बोट कोपऱ्यातल्या सांध्यावर गेलं. तिथून दुसऱ्या कोपऱ्यावर, मग तिसऱ्या. “पण ज्या हाताला ठसा सरळ मारता येत नाही, त्या हाताचे हे सांधे नाहीत. किती नेटके आहेत! आणि करवतीची ओढ सगळी उलट्या बाजूने… हे कुणीतरी डावरं…”

बोट थांबलं. त्याने मान वर केली. ताई डाव्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरून उभी होती.

“ताई…?” त्याचा आवाज लहान मुलासारखा चिरकला. “तू… तू तर झाडायचीस ना गं?”

“आधी रंधा मारायचे,” ती हसत, रडत म्हणाली. “मग झाडायचे.”

“आणि मी तुला म्हणायचो, तुला नाही जमायचं! मी तुला भुशाला लाजणारी म्हटलं… बाबा गेले तेव्हाही म्हटलं, ताई! तू एका शब्दानं बोलली नाहीस!”

“बाबांना शब्द दिला होता रे. आत्ताही मी काही बोललेले नाही. तूच ओळखलंस.”

तो जमिनीवरून उठलाच नाही. तसाच पुढे सरकला आणि त्याने तिच्या पायांना मिठी मारली. बावन्न वर्षांचा तो माणूस हुंदके देऊन रडत होता, आणि ती त्याच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत “उठ रे, सदरा चुरगळतोय” असं काहीतरी म्हणत होती. तरुण इंजिनियर खिडकीबाहेर बघत होता. अध्यक्षांनी चष्मा पुसला, नको इतका वेळ पुसला.

“अखंड चालू होता हे सिद्ध झालं,” त्या शेवटी म्हणाल्या. “अपील मंजूर. कारखाना कोणी कोणी चालवला ते क्रमाने सांगा, नोंदवून घेऊ.”

“पहिले बाबा,” धाकटा उभा राहत म्हणाला. “मग माझी ताई. तिच्यानंतर मी.”

“आणि यापुढे? ही सवलत माणसाच्या नावावर असते. ज्यांची नावं लिहाल त्यांनीच तिथे काम करायचं.”

“दोन नावं लिहा.”

“अरे, मी नोकरीत आहे!” ताई दचकून म्हणाली.

“आठ महिने. मी मोजलेत, दर वर्षी मोजतो. तू कधी सुटतेस ते बघत होतो… का ते मलाच कळत नव्हतं. ताई, माझे सांधे अजून असे येत नाहीत गं. शिकवशील?”

“दुसऱ्या नावापुढे आठ महिन्यांनंतरची तारीख टाकू,” अध्यक्ष म्हणाल्या. “कायद्याला चालतं.”

कारकुनाने फॉर्म पुढे केला. असे हजारो फॉर्म तिने तपासले होते, लोकांच्या चुकांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. आज तिने स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी तिचा हात थबकला. पस्तीस वर्षं त्या जागी ती ‘आरेखक’ लिहीत आली होती. धाकटा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. तिने पेन नीट धरलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘सुतारकाम’.