शेवटची वाफ

वादळाने हिल्काच्या परसाचा पार विचका केला होता. सरपणाच्या खोपटाचा पत्रा शेजारच्या शेतात जाऊन पडला, कुंपण आडवं झालं, आणि म्हातारं स्प्रूसचं झाड सौनाच्या लाकडी न्हाणीघरावर कोसळून छपराला भगदाड पडलं.

शनिवार असल्यामुळे हिल्का आणि तिचा नवरा कालेर्वो तेव्हा आतच वाफ घेत बसले होते. छप्पर कडाडलं. निखारे उडून आग लागायला नको म्हणून कालेर्वोने बादलीतलं सगळं पाणी भट्टीत ओतलं आणि दोघं टॉवेल गुंडाळून बर्फातून घराकडे पळाली. शहाणपणच केलं त्याने. पण स्वयंपाकघरात धाप लागलेली असतानाच तो हसत म्हणाला, "आई असती तर धोपटलं असतं मला. डावभरसुद्धा पाणी ठेवलं नाही मी."

फिनलंडच्या त्या कोपऱ्यात शेवटची वाफ कुणी स्वतः घेत नाही. भुर्जाच्या डहाळ्यांनी अंग झोडपून झालं, अंघोळ झाली, की थोडं पाणी आणि थोडी धग मागे ठेवून दार लोटायचं. आपल्यानंतर घरातली गेलेली माणसं येतात. त्यांची अखेरची अंघोळही तिथेच, त्याच बाकावर झालेली असते. हिल्काने जन्मभर शाळेत गणित शिकवलं, तिचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पाणी मात्र ती न चुकता ठेवायची.

तिला खरी धास्ती होती नवऱ्याची. शरद ऋतूत त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि हा बाबा सकाळी उठून करवत शोधत होता. हिल्काने करवत पलंगाखाली दडवली आणि नुकसान बघायला स्वतःच गेली.

भगदाडातून रात्रभर बर्फ पडून आत सगळं पांढरं झालं होतं, भट्टी, बादली, बाकसुद्धा. फक्त बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला दोन जागा कोरड्या होत्या, शेजारी शेजारी, माणूस बसतो तेवढ्या. सासू-सासरे तिथे बसायचे. वर एखादी फळी आडवी आली असेल म्हणून तिने मान वर केली. वर नुसतं आभाळ होतं.

हातमोज्यांनी तिने सगळ्या बाकावर बर्फ सारखा पसरला आणि दार ओढून घेतलं. दुपारी येऊन पाहिलं तर त्या दोन जागा पुन्हा उघड्या होत्या. तिने हातमोजा काढून लाकडाला हात लावला. लाकूड कोमट होतं.

हिल्का घाबरली. स्वतःशीही ते नाकारण्यात अर्थ नव्हता. घरातून तिने कढत पाण्याची बादली आणली, भट्टीजवळ ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या बाकाशी बोलली.

"हे घ्या. चूक झाली आमची. पण त्याला बोलवू नका."

सकाळी बादली पालथी घातलेली होती, सासूबाई घालायच्या तशी. बाकावर रात्रीचा नवा बर्फ होता.

कोरड्या जागा तीन होत्या.

तिसरी खिडकीपाशी होती. लहानपणापासून कालेर्वोची ती जागा.

ती धावत सुटली. अंगणात फक्त तिच्याच बुटांचे ठसे होते. दाराशी कालेर्वोचे बूट होते, कोरडे ठणठणीत.

तो स्वयंपाकघरात खुर्चीत झोपला होता. छाती संथ वरखाली होत होती. हिल्काला रडूच फुटलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सदरा ओलाचिंब होता. आणि गरम.

कालेर्वोने डोळे उघडले. चेहरा लालबुंद, समाधानी.

"बाबा म्हणाले, शनिवारी लवकर ये," तो म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले.

खिडकीबाहेर भुर्जाची झाडं निष्पर्ण उभी होती. त्याच्या मानेला भुर्जाचं एक हिरवं पान चिकटलं होतं.

हिल्काने ते काढायला बोट लावलं. पानातून अजून वाफ येत होती.