पुठ्ठ्याची खिडकी

"आपलं नाव लिवाले कोणी इतका वेळ लावते काय?"

काउंटरमागच्या मुलानं विचारलं आणि माझं पेन जागच्या जागी थांबलं. रजिस्टरमध्ये मी 'सलीमा' एवढंच लिहिलं होतं. खोटं मला तोंडानं जमतं, हातानं जमत नाही.

२००७ साली धानोऱ्यात एकच सायबर कॅफे होता, बसस्टँडसमोर. आत तीन कॉम्प्युटर, प्रत्येकापुढे फुलाफुलांचा पडदा. चालवणारा जिशान चंद्रपूरहून आलेला, कुरळ्या केसांचा आणि नको तितका शांत.

"ओळखपत्र दाखवा," तो म्हणाला. "पोलीस ठाण्यातून साहेब येतेत तपासाले. त्याच्याबिगर बसवता येत नाई."

"आणि फोन नंबर?"

"तो बी लिवा लागते."

"मग मले नाई बसायचं."

मी तरातरा दारापर्यंत गेले, आणि काय झालं कोण जाणे, उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी गडचिरोलीच्या एका कॅफेत मी खरं नाव, खरा नंबर लिहिला होता. माझ्यामागून आलेल्या कुणीतरी तो उतरवून घेतला. दोन महिने घरचा फोन वाजत राहिला. मोठा भाऊ मुन्ना उचलायचा, आणि पलीकडचा माझं नाव घेऊन हसायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी! मुन्नानं घरात जाहीर केलं, फरहत पुन्हा कॅफेची पायरी चढली तर शिक्षण बंद. अब्बा गप्प बसले. आणि आता नागपूरच्या नर्सिंग कॉलेजची यादी इंटरनेटवर लागायची होती.

जिशाननं सगळं ऐकून घेतलं. "नियम तर मले मोडता येत नाई... पण तुम्ही उद्या या."

"उद्या काय नियम बदलते?"

"नियम नाई. रजिस्टर बदलते."

दुसऱ्या दिवशी रजिस्टरवर शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, चिमट्यानं बसवलेला. मधोमध एका ओळीपुरती खिडकी कापलेली. वरचं नाव दिसत नव्हतं, खालचंही नाही.

"ज्याची ओळ त्यालेच दिसन," तो म्हणाला. "बाकी रजिस्टर कुलपात. पोलीस आले तरच निघते."

मी कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला... जरा जास्तच वेळ.

"झालं तपासून?"

"फोटोत राग कमी आहे."

ओढणीआड मला हसू आलं. त्याला ते दिसलं असावं, कारण त्यानं लगेच मान खाली घातली. "तीन नंबरवर बसा," म्हणाला.

तेव्हापासून मी त्याच्यासाठी 'तीन नंबर' झाले. आठवड्यातून दोनदा जायचे, यादी लागलेली नसायची, आणि मला त्याचं दुःख व्हायला हवं तितकं होत नसे. टेबलफॅनचं तोंड माझ्या पडद्याकडे आधीच वळवलेलं असायचं.

"काऊन, मले नाव नाई काय?" एकदा मी विचारलंच.

"आहे ना. पण ते मले रजिस्टरनं सांगितलं... तुम्ही कुठी सांगितलं?"

मी पडदा ओढून घेतला. कान मात्र घरी पोहोचेपर्यंत गरम होते.

ऑगस्टात यादी लागली. माझा नंबर होता! पण होकाराचा फॉर्म त्याच दिवशी पाचच्या आत पाठवायचा होता. घड्याळात साडेचार. अर्धा फॉर्म भरला आणि नेट अडकलं. स्क्रीनवरची पट्टी इंच इंच सरकत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"फरहत येते काय इथी? माझी बहीण. रजिस्टर दाखव."

मुन्ना!

आणि मग आठवलं, चपला! कॅफेत चपला दारात काढून यायची रीत. नाव झाकलं, नंबर झाकला, आणि चपला उघड्यावर ठेवल्या. हिरव्या पट्ट्याला पांढरा टाका, तोही परवा मुन्नानंच घातलेला.

"रजिस्टर पोलिसांसाठी आहे, मुन्नाभाई," जिशान म्हणाला.

"मी भाऊ आहे तिचा."

जिशाननं आवाज खाली आणला, पण पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. "परवा एक जण आला होता. मुन्ना इथी बसून काय पाहते, विचारून राह्यला होता. तुमचा दोस्तच म्हणे. त्याले बी नाई दाखवलं... आता काय, सगळ्यांले दाखवू?"

पंखा तेवढा घरघरत होता. मग पावलं दाराकडे गेली, तिथं जरा थांबली, आणि निघून गेली.

पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला. मी पडद्याआड बसूनच रडून घेतलं.

घरी मुन्ना जेवत होता. ताटातून मान वर न करता म्हणाला, "चपला आत नेत जा." आणि एका घासानंतर, "लागला काय नंबर?"

मी मान हलवली. मला नागपूरला पाठवायचं अब्बांशी तोच बोलला. कॅफेत तो काय बघायचा, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी मी कॅफेत गेले, चपला हातात घेऊन. जिशाननं सवयीनं रजिस्टर पुढे सरकवलं.

"आज बसायचं नाई."

"मग...?"

"सांगायचं होतं." मी रजिस्टर परत त्याच्याकडे सरकवलं. "माझं नाव... फरहत."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "फरहत," तो पहिल्यांदा म्हणाला, अगदी हळू. "तुम्ही गेल्यावर तीन नंबरवर कोणाले बसवावं, मले समजून नाई राह्यलं. मले तुम्ही लय आवडता."

"मले बी," मी म्हणाले.

तो हसला, मग एकदम भांबावला. "फोन नंबर... मागू काय? हा नियम नाई. नाई म्हटलं तरी चालते."

मी चिमटा काढला, पुठ्ठा उलटा केला, आणि आतल्या बाजूला, जिथं कुणाचीच नजर जात नाही तिथं, होस्टेलचा नंबर लिहिला. या वेळी माझा हात कुठेच थांबला नाही.