थोरल्याच्या अंगरख्यातला फोटो

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

कँटन शहर, सम्राटांचा काळ, शरदातले दिवस. माझी आजी सुई-हान तेव्हा नवी नवरी होती.

तिचा थोरला दीर चोंग नदीत बुडाला. प्रेतही मिळालं नाही. देवघरात पूर्वजांच्या ओळीत लावायला त्याची तसबीर नव्हती, म्हणून सासू रोज रडायची.

शेवटी तिनेच तोड काढली. धाकट्या हिनला, म्हणजे आजीच्या नवऱ्याला, चोंगचा अंगरखा घालून फोटोवाल्यासमोर बसवायचं. चित्रकारही पूर्वी मेलेल्याचा चेहरा असाच भावावरून काढायचे.

"अहो आई, जित्या माणसाच्या फोटोला धूप दाखवायचा?"

"तोंडवळा एकच आहे दोघांचा. मला शहाणपण नको शिकवूस!"

हिन हसला. "अगं, नैवेद्य मिळेल की मला फुकटात!"

फोटोवाल्याने त्याची मान मागून लोखंडी चिमट्यात अडकवली. "दोन्ही कान दिसू देत. आता हलायचं नाही."

हिन हलला नाही...

फोटो काढून झाला तरी हलला नाही. आजीने खांदा गदागदा हलवला तेव्हा कुठे दचकला.

फोटो देवघरात लागला. त्याच्यापुढे रोज भात, मासा, चहा.

आणि हिनची भूक गेली...

"पोट भरलंय गं," म्हणायचा. तोंडाला उदबत्तीचा वास यायचा.

मग जिन्यावर त्याची पावलं वाजेनाशी झाली.

सासू त्याचा वाडगा मांडायला विसरू लागली. आजीने आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "कोणाचा?"

आजीच्या ध्यानात आलं. नवरा डोळ्यांदेखत हातातून चालला होता!

सासू बाजारात गेल्याबरोबर तिने फोटो उतरवला आणि चुलीत घातला.

तो जळत असतानाच माडीवर पावलं वाजली...

जड पावलं.

हिन खाली आला. "भूक लागलीय. वाढ लवकर."

आजीला आनंदाने रडूच कोसळलं. तिने वाडगा काठोकाठ भरला. तो अधाशासारखा जेवला, तोंड पुसलं आणि इकडेतिकडे बघू लागला.

"अगं धाकटे... हिन कुठे दिसत नाही?"

 तेवढ्यात सासू आली. त्याला बघताच तिने टोपली टाकली आणि थोरल्याचं नाव घेत त्याच्या गळ्यात पडली.

आजीने त्याच माणसाबरोबर जन्म काढला. माझे वडील त्यानंतरचे.

आजोबांना उदबत्ती मी आजही लावते. पण नाव घ्यायची वेळ आली की जीभ अडते...

कोणाचं घेऊ?