धुळ्याला उठवा

डोळे उघडले तेव्हा माझ्या गालाखाली खाकी कापड होतं.

खांदा होता तो. कुणाचा तरी... मी दचकून सरळ बसले. एस.टी.च्या खिडकीबाहेर कपाशी पांढरीशुभ्र फुटलेली, ऊन चांगलंच वर आलेलं, आणि रस्ता — रस्ता काही केल्या ओळखीचा वाटेना.

"धुळे?" मी घाबरून विचारलं.

"गेलं," खांद्याचा मालक म्हणाला. कंडक्टर होता. सकाळी जळगावला कुठंच जागा नव्हती म्हणून मी त्याच्याच बाकावर टेकले होते.

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे ते आहे तिथंच आहे. आपण पुढं आलो."

"अहो, मग उठवायचं ना!"

"उठवलं की. तीनदा. तुम्ही म्हणालात, 'अजून चार फेऱ्या राहिल्यात.' एवढं ठासून म्हणालात, की मला वाटलं तुम्हाला पुढंच जायचंय."

मागच्या बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझे कान तापले. केस अजून ओलेच होते, त्यांना पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनचा वास येत होता, आणि त्याच्या खांद्यावर एक गोल ओला डाग पडला होता... तो डाग त्यानं पुसला नाही. मी पाहिलं.

कुसुंब्याला त्यानं मला उतरवलं, समोरून येणारी गाडी हात करून थांबवली आणि तिच्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, "भो, मॅडमले धुयाले उठाडजो! नुसतं सांगू नको, हालवजो!"

त्या दिवशी मी दवाखान्यात तासभर उशिरा पोचले. रागानं फणफणत. आणि मधूनच, का कोण जाणे, हसत.

मी दीपमाला. जळगावच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. लोकांचे गुडघे, मणके, आखडलेले खांदे हे माझं काम. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांच्या धुळ्याच्या शाखेत जायचं. म्हणजे अडीच तास जाणं, अडीच तास येणं. आणि त्याच्या आधी उजाडायच्या सुमारास पोहणं, नाहीतर मेहरूण तलावाभोवती पळणं. कारण त्या हिवाळ्यात खानदेशात पहिल्यांदाच लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होणार होती. धुळ्याबाहेरच्या धरणात दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात, न थांबता.

पुढच्या बुधवारी त्याच कंडक्टरनं मला त्याच्या बाकावर खिडकीची जागा दिली. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं — ज्ञानेश्वर.

"आज कुठं उतरायचं? धुळे, की साक्री, की थेट पिंपळनेर?"

"धुळे, कंडक्टर भाऊ."

"एक विनंती होती..." त्यानं तिकिटाचं यंत्र दोनदा उगाच दाबलं. "भाऊ सोडून काहीही म्हणा."

मी खिडकीबाहेर बघितलं. एरंडोल येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

मग ते फेऱ्यांचं काय, हे त्यानं विचारलं आणि मी ट्रायथलॉन म्हणजे काय ते सांगितलं. तो गंभीरपणे ऐकत होता.

"म्हणजे आधी पोहायचं. मग सायकल. मग पळायचं."

"हो."

"कुणी मागं लागलेलं नसताना."

"हो!"

"आणि एवढं करून पोचायचं कुठं?"

"जिथून निघाले, तिथंच."

त्यानं मान डोलावली. "आमच्यासारखंच आहे मग. मी पण रोज तेच करतो. फक्त बसून."

इतकी हसले मी, की झोपच उडाली.

महिनाभर असं चाललं. मुकटीपर्यंत गप्पा, मग माझी डुलकी, मग धुळ्याच्या स्टँडवर हलकेच, "मॅडम... आलं." कुणी मोठ्यानं मोबाइल लावला, की तो बोट ओठावर ठेवायचा. मी डोळे मिटूनच ते ओळखायची.

पण माणूस काही लोखंडाचा नसतो. दवाखान्यात पेशंट वाढले, घरी यायला अंधार पडू लागला. आई फोनवर रोज एकच म्हणायची — कमलबाईंना, म्हणजे माझ्या आईला, पुण्याचा एक इंजिनिअर फार पसंत होता — "दीपू, बस झालं ते पाण्यात डुंबणं. तोंड बघ किती उतरलंय." आबा, माझे वडील, काही बोलायचे नाहीत. तेच जास्त लागायचं.

आणि एका रविवारी पारोळ्याच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, सायकल चालवता चालवता माझा डोळा लागला. जाग आली ती बाभळीच्या काट्यांत. कोपर सोललं, हेल्मेटला तडा गेला. मागून ट्रक आला असता तर...

सोमवारी पट्टी बांधलेला हात बघून ज्ञानेश्वरनं माझी पिशवी स्वतःच उचलून वर ठेवली.

"सोडणार आहे मी," मीच म्हणाले. "नोकरी, प्रवास आणि हे... नाही जमत. कबूल करून टाकते."

"यातलं एक सोडायचं," तो सावकाश म्हणाला, "तर प्रवास सोडा."

"म्हणजे?"

"धुळ्याला मावशी आहे म्हणता ना तुमची? रविवारी संध्याकाळी या, बुधवारी जा. मधल्या दिवसांत तिथंच राहा, तिथंच सराव करा. दवाखान्यालाही तीन सलग दिवस सोयीचे पडतील." तो खाली बघत होता. "ही गाडी तुम्हाला खाऊन राहिली, मॅडम. या गाडीनं येणं सोडा."

मला वाटलं होतं, तो म्हणेल — सोडू नका, मी आहे ना. आणि हा मला गाडीतूनच उतरवत होता. इतकं सहज! धुळ्याला उतरताना मागं वळूनही पाहिलं नाही.

पण डोकं थंड झाल्यावर कळलं, की तो बरोबर होता. मी दवाखान्यात तारखा बदलून मागितल्या. थोडी कुरकुर झाली, पण मिळाल्या. लताबाईंनी, माझ्या मावशीनं, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत घालून मला पंधरवड्यात माणसात आणलं. मी आठवड्यातला एक दिवस सक्तीनं काहीच करायचं नाही असं ठरवलं. पेशंटना जे रोज सांगत होते, ते पहिल्यांदा स्वतःला सांगितलं. पाय हलके झाले. पाण्यात दम पुरू लागला.

फक्त सकाळी सराव झाला, की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. "मॅडम... आलं," असं कुणी म्हणायचं नाही.

डिसेंबरात एका सकाळी मी सोनगीरच्या दिशेनं सायकल मारत होते. थंडीनं बोटं गोठलेली. मागून एस.टी.चा लांबलचक हॉर्न आला. मी कडेला सरकले, तरी थांबेना. गाडी शेजारून गेली आणि दारात उभा राहून कुणीतरी ओरडलं, "जागे आहात ना?"

मी जीव तोडून पेडल मारलं. सोनगीरच्या थांब्यावर गाडी उभी होती, किल्ल्यावर नुकतं ऊन चढत होतं. धापा टाकत मी दारापाशी पोचले.

"तुम्ही शिरपूरच्या गाडीवर कसे?"

तो काही सांगायच्या आत ड्रायव्हर पंडितभाऊंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, पिंपळनेरची ड्युटी हा माणूस लोकांच्या पाया पडून मागून घ्यायचा. सोम, बुध, शुक्र. तुमचं येणं बंद झालं, म्हणे आता कोणतीही द्या!"

"पंडितभाऊ!" ज्ञानेश्वर लाल झाला. मग त्यानं घंटीची दोरी ओढली. गाडी हलली. मी तिथंच उभी, एक पाय जमिनीवर, एक पेडलवर... म्हणजे मला गाडी सोडायला सांगताना त्यानं काय सोडलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

शर्यतीच्या दिवशी धरणावर धुकं होतं. पाणी असं गार, की पहिल्या हाताला श्वासच अडकला. पण मी पोहले. लय सापडली, आणि बाहेर आले तेव्हा माझ्या पुढं थोड्याच बायका होत्या. सायकलवर वारा तोंडावर होता, तरी मी दोघींना मागं टाकलं. पळायला लागले तेव्हा मात्र सूर्य डोक्यावर आला आणि मांड्या दगड झाल्या. शेवटच्या टप्प्यात तर पाय उचलतोय की ओढतोय, तेच कळेना.

"मॅडम."

रस्त्याच्या कडेनं ज्ञानेश्वर चालत होता. साधा शर्ट, पायात चपला.

"हात लावू नका," मी धापा टाकत म्हणाले. "बाद करतील."

"नाही लावत. नुसता चालतो."

"मला... बोलायचंय."

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर... धीर व्हायचा नाही. मला तुम्ही... आवडता."

त्यानं चालता चालता कान पुढं केला. "शेवटचं ऐकू नाही आलं."

"आलंय तुम्हाला ऐकू!"

"आलंय," तो हसला. डोळे मात्र ओले होते. "कधीपासून ऐकायचं होतं... पण उत्तर पुढं देतो. इथं दिलं, तर तुम्ही इथंच थांबाल."

मग मी पळाले! कुठून बळ आलं कोण जाणे. वळणावर माणसांची भिंत उभी होती, ढोल वाजत होते, आणि त्या गर्दीत पांढरी टोपी हलवत, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते माझे आबा. भडगावचा निंबा पाटील, जो लग्नाच्या वरातीतही कधी नाचला नाही!

"पय माय, पय! थोडंच राह्यनं!"

आणि आई, पुण्याचा इंजिनिअर विसरून, टाळ्या वाजवत होती.

रेषा ओलांडली. तिसरी आले होते मी. गळ्यात पदक पडलं, आईनं तोंडावरून हात फिरवले, आबांनी नुसतं डोक्यावर थोपटलं. गर्दीतून वाट काढत ज्ञानेश्वर आला आणि चार हात लांब थांबला.

"बोला आता," मी म्हणाले.

"मलाही," तो म्हणाला. आबांकडे बघून, घाबरत, पण मोठ्यानं. "मला पण त्या आवडतात. फार."

ढोल नेमका तेव्हाच थांबला होता. आईचा हात माझ्या गालावरच राहिला. आबांनी त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत निरखलं.

"गाव कोनतं रे भो?"

"पिंपळनेर, आबा. एस.टी.त कंडक्टर आहे."

आबा माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली नाही. काय दिसलं त्यांना माझ्या चेहऱ्यावर, देव जाणे. माझे पाय आता खरंच थरथरू लागले होते.

"मंग उभा काय राह्यना?" आबा त्याच्यावर खेकसले. "धर तिना हात. पडी जाई ती!"

मी पडणार नव्हते. पण हे मी कुणालाच सांगितलं नाही.