रॅकमागून आलेलं "हाय"

कुंभार पिंपळगावच्या वाचनालयात मी आठ वर्षं तात्पुरती होते. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणा, कायम करतो, असं अध्यक्ष म्हणाले, म्हणून जुन्या जालन्यातल्या वाचनालयात तीन दिवसांच्या वर्गाला गेले. चाळिशी उलटल्यावर परीक्षा द्यायची, आधीच जीव टांगणीला.

तिसऱ्या दिवशी पुस्तक पडताळणी होती. एकीने नोंदवहीतला क्रमांक पुकारायचा, दुसरीने रॅकमध्ये पुस्तक बघून "हाय" म्हणायचं. उत्तर आलं नाही, तर पुस्तक गहाळ. वर्ग घेणाऱ्या रामप्रसाद सरांनी दहा पुस्तकं आधीच काढून स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली होती. ती कोणती, हे ओळखेल तोच पास. माझी जोडीदार वडीगोद्रीच्या नंदाबाई, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही.

दुपारी दोनला लाइट गेली. खाली कापडाच्या दुकानांपुढे रिक्षांचा गोंगाट चालूच होता, पण वर त्या खोलीत जुन्या कागदांचा आणि डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. नंदाबाई मोबाईलची बॅटरी लावून रॅकमागे गेल्या. मी खिडकीशी वही घेऊन बसले.

"चोवीसशे एक."

"हाय."

"चोवीसशे दोन."

"हाय..."

हळूहळू आवाज बसत गेला. धूळ गेली असेल घशात, म्हटलं. दीडशे क्रमांक झाले, संपत आले, तरी एकही पुस्तक गहाळ निघेना. दहा तर निघायलाच हवी होती.

"नंदाबाई, नीट बघा हो. माझी नोकरी हाय याच्यावर."

"हाय..."

मी तर क्रमांक पुकारलाच नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. दोन कप चहा सांभाळत नंदाबाई वर आल्या.

"किती झाले ओ ताई? चहा आणते म्हणून सांगून गेल्ते मी. कव्हाची खालीच हाय."

"मंग आत... आत कोण हाय?"

रॅकमागे बॅटरीचा उजेड नव्हता. अंधारातून हळूच आलं, "हाय..."

मी पिशवी उचलली आणि धावत सुटले. बसमध्ये घर येईपर्यंत रडत होते. आठ वर्षं पाण्यात गेली.

पंधरा दिवसांनी टपालाने प्रमाणपत्र आलं. मी घाबरत सरांना फोन लावला.

"सर, काही गलती झाली का?"

"गलती कसली? तुमच्या नावाची दहा पुस्तकांची यादी बराबर निघाली. संध्याकाळी हजेरी घेतली तवा रॅकमागून 'हाय' म्हणल्या ना तुम्ही? आवाज तेवढा बसल्ता."

खरं सांगायला हवं होतं. मी फोन ठेवला, कायम झाले, पेढेही वाटले. पण तेव्हापासून जिवाला चैन नाही. जी पुस्तकं जागेवर नव्हती, त्यांच्या बदल्यात तो आवाज बोलत होता. मग माझ्या बदल्यात का बोलला?

काल दिवस मावळताना आमचे हे शेतातून आले. मी अंगणातच, दारासमोर भांडी घासत होते. त्यांनी हाक मारली, "वंदना, घरात हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून बसलेला आवाज आला, "हाय..."

"बरं," असं म्हणून हे माझ्या अगदी जवळून गेले आणि माझ्याकडे न बघताच आत शिरले.